डावऱ्या तयार आहे

मी कुणाला पटवून द्यायला बसलेलो नाही. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

अठ्ठावीस डिसेंबर १९९७. रविवार. दुपारचे पावणेचार. सान तेल्मो बंदरातलं बेसबॉलचं स्टेडियम.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. त्या दिवशी डोक्यावर लख्ख ऊन होतं.

माझं नाव क्रेसेन्सिओ. गावात सगळे चेंचो म्हणतात. आमच्या संघात, सान तेल्मोच्या पेलिकनांत, मी बुलपेनचा कॅचर होतो. म्हणजे सामन्यात मी कधीच खेळायचो नाही. मैदानाच्या डाव्या टोकाला, कुंपणाच्या पलीकडे, राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, हात गरम करतात ती जागा म्हणजे बुलपेन. त्यांचे चेंडू झेलायचे, एवढंच माझं काम. अकरा वर्षं केलं.

तिथे एक बाक, चेंडू टाकायला मातीचे दोन उंचवटे, जाळीचं एक फाटक आणि भिंतीवर एक हिरवा फोन. फोनला नंबर नव्हते. आम्ही इकडे उचलला की शंभर मीटरवर, डगआउटमध्ये म्हणजे संघ बसतो त्या खोलगट जागेत, मॅनेजरच्या कानाशी वाजायचा. त्यांनी उचलला की आमच्याकडे वाजायचा.

त्या हंगामात आम्ही अडुसष्टपैकी त्रेपन्न सामने हरलो.

हरणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. पहिले पाच-सहा पराभव लोक शिव्या देतात. मग टोमणे मारतात. एकाने तर आमच्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे चेंडू अडवणाऱ्याला, भर सामन्यात ओरडून विचारलं होतं, "हातात ग्लोव्ह आहे की चाळणी?" सगळं स्टेडियम हसलं होतं.

मग लोक टोमणेही मारेनासे होतात.

मग येईनासे होतात.

सात हजार खुर्च्यांत दोनशे माणसं. भोपळ्याच्या बिया विकणारा हाक मारायचा आणि त्याचीच हाक समोरच्या रिकाम्या गॅलरीतून परत यायची. डाव्या बाजूच्या गवतावर तर समुद्रपक्षी येऊन बसायला लागले होते. सामना चालू असताना. कुणी त्यांना हाकलत नव्हतं.

आणि बुलपेनमध्ये मी. आमच्या पिचरांची इतकी धुलाई व्हायची की नऊपैकी पाचव्या-सहाव्या डावापर्यंत राखीव सगळे मैदानात गेलेले असायचे. उरलेला सामना मी त्या बाकावर एकटा.

आदल्या वर्षी असं नव्हतं. आदल्या वर्षी एलिओ होता.

एलिओदोरो व्हेर्दूगो. एकोणचाळीस वर्षांचा, डावखुरा. सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. एके काळी त्याचा चेंडू बघायला शेजारच्या गावांतून ट्रक भरून माणसं यायची. आता खांदा गेला होता. दिवसभर खांद्याला कापराचं मलम चोळायचा. सगळ्या बुलपेनला तो वास असायचा.

त्या आदल्या वर्षी त्याला शेवटचा करार मिळाला, तो आमच्या मॅनेजरमुळे. रेमिहिओ बुएल्ना. आम्ही त्यांना 'जेफे' म्हणायचो, म्हणजे साहेबच. सत्तरीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी एलिओला सांगितलं होतं की तुझ्या हाताचं तुलाच ठाऊक, मी होऊन तुला बोलावणार नाही. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी फोनवर कळव, चेंडू तुझ्या हातात देतो.

अख्ख्या हंगामात एलिओ एकदाही मैदानात उतरला नाही.

हंगाम संपला. तो गावात एक खोली घेऊन राहिला. ऑगस्टमध्ये झोपेतच गेला. दोन दिवसांनी घरमालकिणीला कळलं. दफनाला आम्ही नऊ जण होतो. जेफे पूर्ण वेळ टोपी छातीशी धरून उभे होते.

आता त्या नोव्हेंबरचं सांगतो.

आम्ही ओळीने सहावा सामना हरलो होतो. सामना संपल्यावर जेफेंनी मला बाजूला घेतलं. रागात नव्हते, थकलेले होते. म्हणाले, चेंचो, मी विचारल्याशिवाय फोन करत जाऊ नकोस.

मी म्हटलं, मी कुठे फोन केला?

सातव्या डावात केलास ना, म्हणाले. 'तयार आहे' एवढंच बोललास आणि ठेवलास.

सातव्या डावात बुलपेनमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मी बाकावरून उठलोही नव्हतो...

मला वाटलं, वय झालंय म्हाताऱ्याचं.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याच्या पुढच्या सामन्यातही. मग जेफेंनी मला विचारणंच सोडून दिलं. पण मी लांबून बघायचो. सातवा डाव, आपण हरतोय, डगआउटमध्ये जेफे उठतात... फोन उचलतात... ऐकतात... आणि ठेवतात.

माझ्याकडचा फोन माझ्यापासून दोन हातांवर. रिसीव्हर आकड्याला जसाच्या तसा टांगलेला.

त्यानंतर मला आवाज यायला लागला.

फार मोठा नाही. मातीत बूट घासल्याचा. मागच्या उंचवट्यावरून. मी वळलो की थांबायचा. समोर बघायला लागलो की पुन्हा...

खर्र.

थोडा वेळ काहीच नाही.

खर्र.

दोन्ही उंचवटे रोज सकाळी मी स्वतः दाताळ्याने सारखे करायचो. मागचा तर त्या वर्षी आम्ही वापरतच नव्हतो. पण सामन्यानंतर बघावं, तर त्यावर ठसे. पुढे उजवा पाय खोल रुतलेला. मागे डाव्या पायाची फरफट.

चेंडू टाकून असा उतरतो तो डावखुरा पिचर.

आमच्या संघात त्या वर्षी एकही डावखुरा नव्हता.

मी कुणाला बोललो नाही. दाताळं घेऊन ठसे पुसत राहिलो. घरी जायचो, मक्याच्या दोन रोट्या गरम करायचो, उभ्यानेच खायचो. बायको कधीच सोडून गेली होती. सांगणार कुणाला?

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी जेफे स्वतः बुलपेनमध्ये आले. कॉफीचे दोन पेले घेऊन. असं ते कधी करायचे नाहीत. बाकावर माझ्या शेजारी बसले. बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो आवाज तुझा नाही, हे मला तिसऱ्या फोनलाच कळलं होतं."

मी पेल्यात बघत राहिलो.

"एक सांग. मागच्या वर्षी डावऱ्याने कधी चेंडू मागितला होता का?"

मी म्हटलं, नाही.

ते म्हणाले, मी वर्षभर त्याच्या फोनची वाट बघितली. मला वाटलं, घाबरला. मग वाटलं, माझ्यावर रागावला असेल. समोर आला की मान खाली घालून जायचा. शेवटी मीही विचारलं नाही.

कॉफी संपवून ते निघून गेले. मी तसाच बसलो होतो.

कारण मी खोटं बोललो होतो.

एलिओ रोज मागायचा. रोज. सातव्या डावात उठायचा, मला पंधरा चेंडू टाकायचा, टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "चेंचो, कर फोन. सांग त्यांना, डावऱ्या तयार आहे."

मी फोन उचलायचो. त्याच्याकडे पाठ करून, अंगठ्याने रिसीव्हर टांगायचा आकडा दाबून धरायचो, म्हणजे पलीकडे वाजायचाच नाही. आणि त्या मेलेल्या फोनमध्ये बोलायचो, "जेफे, डावऱ्या तयार आहे."

मग आम्ही दोघं बाकावर बसून फाटकाकडे बघायचो. तिकडून कुणी हात करायचं नाही. तो काही बोलायचा नाही. स्वाभिमानी माणूस, जेफेंना तोंडावर जाऊन विचारणं त्याला जमलं नसतं.

का केलं असं? त्याच्या चेंडूत जीव राहिला नव्हता. माझ्या ग्लोव्हला ते कळत होतं. लोकांसमोर त्याची धुलाई झाली असती, हसले असते सगळे. दया आली म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगायचो.

पण ते अर्धंच खरं आहे. एकदा मार खाल्ला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. आणि मी तिथे एकटा पडलो असतो.

तर, तो रविवार.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. आठवा डाव, तेरा विरुद्ध तीन. आमचा शेवटचा पिचर मैदानात होता आणि त्याचा हात गळून गेला होता. बुलपेन रिकामं. फाटकाला मी कडी घातलेली. वारा पडलेला. गवतावर पन्नासेक पक्षी बसलेले, उन्हात डोळे मिटून.

मागून आवाज आला.

खर्र.

मी वळलो नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो.

आणि तिकडे डगआउटमध्ये जेफे उठले. फोन उचलला.

या वेळी ते फक्त ऐकत नव्हते. बोलत होते.

बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या लांबून. मी फोनपाशी नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी फोन ठेवला, पायऱ्या चढून मैदानात आले, सावकाश चालत पिचरच्या उंचवट्यावर गेले, त्याच्या हातातून चेंडू घेतला.

आणि बुलपेनकडे तोंड करून, आपल्या डाव्या दंडावर दोनदा हात मारला.

ही खूण जगात सगळीकडे एकच. डावखुरा पाठवा.

गॅलरीत कुणीतरी शिट्टी मारली. दोघं-तिघं हसले. पंच हात पसरून विचारत होता, कोण येतंय? जेफेंनी पुन्हा दंडावर हात मारला.

फाटक उघडणं माझं काम होतं.

उठलो. कसाबसा गेलो. कडी काढली, फाटक ओढलं आणि बाजूला झालो.

काही नव्हतं.

मग कापराचा वास आला... माझ्या अगदी खांद्याजवळून. आणि पुढे गेला.

गवतावरच्या पक्ष्यांनी डोळे उघडले. उडाले नाहीत. पहिला दोन पावलं बाजूला सरकला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. वाटेतून कुणी माणूस चालत गेला की सरकतात तसे... एका सरळ रेषेत... फाटकापासून थेट जेफेंपर्यंत.

हसणारे गप्प झाले होते.

जेफेंनी चेंडू पुढे धरला होता. त्यांचे ओठ हलत होते. मान हलवत होते. मग ऐकत राहिले. मग पुन्हा काहीतरी बोलले, थोडंसंच. एक मिनिट गेलं असेल, दोनही गेली असतील. पंच घाईघाईने त्यांच्याकडे निघाला, पण पोहोचायच्या आधीच जेफेंनी हात खाली घेतला.

हात रिकामा होता.

चेंडू त्यांच्या पायाशी नव्हता, खिशात नव्हता. पिचर आईची शपथ घेऊन सांगत होता की माझ्याकडे नाही. शेवटी पंचाने नवा चेंडू दिला, शॉर्टस्टॉपला पिचर करून कसाबसा सामना संपवला. पंधरा विरुद्ध तीन हरलो. पेपरात दोन ओळी आल्या, मॅनेजरची तब्येत बिघडली म्हणून.

लोक गेल्यावर मी डगआउटमध्ये गेलो. जेफे बुटांच्या नाड्या सोडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रोजचा फोन, आकड्यावरचा अंगठा, सगळं. मला वाटलं, उठून थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी वर न बघता म्हटलं, "तेच विचारत होता तो."

त्यांनी एक बूट काढून बाजूला ठेवला.

"म्हणाला, चेंचो तुम्हाला खरंच फोन करायचा का?"

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

"म्हटलं, हो. रोज करायचा. मीच तुला बोलावलं नाही."

त्यांनी बूट पिशवीत भरले. मग एवढंच म्हणाले, की तुला अजून इथेच राहायचंय, चेंचो. मी तर चाललोच आहे.

त्यांनी त्याच आठवड्यात संघ सोडला. लेकीकडे डोंगरातल्या गावी गेले. पुढे नऊ वर्षं होते. मी दोनदा भेटायला गेलो, पण हा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. ते गेल्याचं मला महिन्याने कळलं.

तो फोन पुन्हा तसा कधी वाजला नाही. ठसेही उमटले नाहीत. मी आणखी दोन हंगाम काढले. एलिओ जेफेंवर विश्वास ठेवून गेला की नाही, मला माहीत नाही. एका चांगल्या माणसाचं नाव त्याच्या मनात कायमचं वाईट झालं असेल, तर ते माझ्यामुळे.

खरं सांगायला मी तीनदा कबरस्तानात गेलो. फाटकातूनच परत आलो.

म्हणून इथे लिहिलं. लिहायला जमलं. मोठ्याने बोलायला अजून जमत नाही. संध्याकाळी घरात एकटा असतो, रेडिओ बंद करतो, मनाची तयारी करतो आणि तोंड उघडतो...

तेवढ्यात खोलीत असं काही शांत होतं, की वाटतं, कुणीतरी श्वास रोखून ऐकायला थांबलंय.

मग मी काही बोलत नाही.