निरोगी म्हणून नोंदलेली

“हे काय ताई, पुन्हा ताट तसंच?” भावजयीने विचारलं, आणि ताईने नेहमीसारखं “सकाळचं जड झालं गं” म्हणून ताट बाजूला सारलं. सकाळपासून ती नुसत्या चहावर होती! पण तिच्या उत्तराची शहानिशा करायला या घरात वेळ कुणाला होता? टेबलावर सत्काराच्या पुस्तिकेची कच्ची प्रत पसरली होती, आणि पोटाच्या विकारांवरचा एवढा मोठा संशोधक असलेला तिचा धाकटा भाऊ आपल्या आयुष्यभराच्या शोधनिबंधांच्या यादीत छपाईच्या चुका शोधत बसला होता.

“हा बघ, पहिला! निरोगी माणसाचं जठर किती वेळात रिकामं होतं, त्यावरचा. पुढचे सगळे याच्याच जिवावर उभे आहेत. आणि याच्यात तू आहेस, ताई!”

ताई थकल्यासारखी हसली. हो, होती ती त्यात... नाव नसलेली, निरोगी स्वयंसेवकांपैकी एक. आई गेल्यावर कापडाच्या दुकानात दिवसदिवस उभं राहून तिने याला डॉक्टर केलं होतं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की हसण्यावारी नेला होता. तोच भाऊ एका संध्याकाळी रडकुंडीला येऊन म्हणाला होता, “चाचणीला एक माणूस कमी पडतोय गं. आयत्या वेळी पाठ फिरवली त्याने. आता सगळंच मुसळ केरात!” दुसऱ्या दिवशी ती गेली. उकडलेलं अंडं आणि कोरडा पाव कसाबसा गिळून पोटातल्या अन्नाचा वेग मोजणाऱ्या गार यंत्राखाली पडून राहिली. “पोटाची काही तक्रार?” कागदावरून नजर न उचलता भावाने विचारलं होतं. “नाही,” ती म्हणाली होती. आणि घरी येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडून, भडाभडा ओकली होती... अन्न तिच्या पोटात दगडासारखं बसून राही, त्या चाचणीच्या आधीही आणि नंतरही. पण निरोगी म्हणून नोंदलेल्या बाईने कण्हायचं कसं? भावाला खोटं पाडायचं कसं? ती गप्प राहिली, आणि पुढे गप्प राहण्याचीच सवय झाली.

आजही राहिली असती. पण सकाळी भावाचा विसरलेला चष्मा द्यायला ती त्याच्या विभागात गेली, तर तिथल्या बाकावर एक हडकुळी बाई रुमालात तोंड खुपसून रडत होती. “सगळे रिपोर्ट नॉर्मल म्हणता हो! घरचे म्हणतात, नाटकं करते. पण घास आत राहतच नाही, त्याला मी काय करू?” शेजारी उभी असलेली शिकाऊ डॉक्टर तिची समजूत घालत होती. “अहो, सरांच्या मापाप्रमाणे तुमचं पोट थोडं मंद आहे, पण मर्यादेत आहे.”

मर्यादा! ती मर्यादा कुणाच्या पोटावरून ठरली, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. भावाने तेव्हा कौतुकाने सांगितलं होतं, “सगळ्यांत सावकाश पोट तुझंच निघालं, ताई! निरोगीपणाची आमची शेवटची रेघ तूच!”

“बाळ्या,” ती आता एकदम म्हणाली, “ती रेघ चुकीची आहे रे.”

“कुठली रेघ?”

“माझी. मी निरोगी नव्हतेच. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. अजूनही... अजूनही तसंच आहे.”

चुकांवर खुणा करणारी भावजयीची पेन्सिल थांबली. “अहो ताई, उद्या सत्कार! एवढी वर्षं बोलला नाहीत, आता कशाला उकरून काढता?”

“माझं दुखणं मी सोसलं गं, ते माझं मी पाहिलं. पण माझ्यासारख्या बायांना ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवतात! त्यांना सोसायला लावणारी मी कोण?”

भावाचा चेहरा पांढरा पडला होता. “मी तेव्हा मान वर करून पाहिलंच नाही ना?”

“घाईत होतास.”

“आणि नंतर? इतकी वर्षं?”

तो उठला, खिडकीशी गेला आणि त्याने सत्काराच्या आयोजकांना फोन लावला. “कार्यक्रम रद्द करा. पहिला निबंध मी मागे घेतोय... हो, त्याच्यावर बेतलेले सगळेच तपासावे लागतील. नाही हो, चूक दुसऱ्या कुणाची नाही. माझीच.”

“अरे, हे काय केलंस!” ताईचा बांध फुटला. “नुसता आकडा दुरुस्त कर म्हणत होते मी! तुझं नाव राहावं म्हणून तर सोसलं सगळं... आता ते नावच पुसून टाकलंस, तर मी सोसलं कशासाठी?”

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर बसला. भावजयीने मुकाट्याने पुस्तिकेची पानं गोळा केली आणि ते न जेवलेलं ताट आत नेलं.

“पोटाची काही तक्रार, ताई?” तिच्या डोळ्यांत पाहत त्याने विचारलं.

“नाही रे,” सवयीने तिच्या तोंडून गेलंच.

तो हलला नाही. तसाच पाहत, वाट बघत बसून राहिला. मग तिने हळूच त्याचा हात उचलला आणि फासळ्यांच्या खाली ठेवला.

“इथे,” ती म्हणाली.