शेपूट हलवणारी कॅरव्हॅन

"उद्या सकाळी कॅरव्हॅन कळंबोलीला भंगारात जाणार. तुमचं काही सामान असेल तर आजच बाहेर काढा," हितेशकाकांनी जाहीर केलं आणि ते बशीत चहा ओतू लागले. घरातली गळकी बादली टाकून द्यायची असावी, इतक्या सहज!

समीक्षा खाली मान घालून चहा ढवळत राहिली. तेरा वर्षांची ही बडबडी मुलगी भाद्रपदात पप्पा गेल्यापासून मुकी झाल्यासारखी वागत होती, आणि आता घरच्यांनाही त्याची सवय झाली होती.

ती कॅरव्हॅन पप्पांनी स्वतः बांधली होती. गाडीच्या मागे जोडून ओढायचं दोन चाकांचं इवलंसं घर होतं ते. आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, खिडकीला निळे पडदे. न्हावा शेवा बंदरातून वर्षानुवर्षं कंटेनर ओढून कंटाळलेल्या पप्पांनी ती फिरायला जाणाऱ्यांना भाड्याने देण्यासाठी केली होती. आणि तीच धुता धुता एका सकाळी ते अंगणात कोसळले. डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

दिवाळीत रोडपालीच्या एका कुटुंबाने कॅरव्हॅन भाड्याने नेली, पण कर्नाळ्याच्या पुढे काही ती जाईना. महामार्गावर वेग घेतला की तिचं मागचं टोक डावी-उजवीकडे झोके घ्यायचं आणि पुढची गाडीही ओढली जायची. नाताळात दुसऱ्या कुटुंबाचं त्याहून वाईट झालं. मग कुणी भाड्याने नेईना. जो विचारेल त्याला हितेशकाका सांगत सुटले, "दादाची बांधणीच वाकडी." मेलेल्या माणसाला बोल लावणं सोपं असतं, तो काही उलट उत्तर द्यायला येत नाही.

समीक्षाला हे वाक्य काट्यासारखं सलायचं. कॅरव्हॅन एकदा का भंगारात गेली की पप्पांची बांधणी वाकडीच होती, असंच सगळे कायमचं धरून चालणार होते. मग ती कुणाला काय दाखवणार होती?

मे महिन्याची सुट्टी होती. तिची वर्गमैत्रीण वल्लरी चार दिवस राहायला आली होती. दिवाळीतलं ते रोडपालीचं कुटुंब म्हणजे हिच्याच आजोबांचं. वल्लरी तेव्हा गाडीत मागे बसली होती.

"खरं सांग, किती हलत होती?" समीक्षाने अंगणात जाता जाता विचारलं.

"आमच्या आजीने अर्धा डझन देवांना नवस बोलले, एवढी," वल्लरी म्हणाली. "त्यातले दोन अजून फेडायचे राहिलेत."

समीक्षाचा दहा वर्षांचा भाऊ हृतिक तोवर कॅरव्हॅनमध्ये शिरून मागच्या पलंगाकडे धावलासुद्धा. आणि काय आश्चर्य, कॅरव्हॅनचं नाक अलगद वर उचललं गेलं! पोरगं सी-सॉवर बसल्यासारखं मागे खाली गेलं.

"हृतिक, आधी बाहेर ये," समीक्षा ओरडली. "काकांनी मागचे टेकू खाली सोडलेलेच नाहीत. टेकू सोडल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, विसरलास?"

तो खाली उतरला. समीक्षा मात्र पुढच्या लोखंडी दांड्याकडे बघत राहिली. हाच दांडा ओढणाऱ्या गाडीला जोडतात. पप्पा तिला तो उचलायला लावायचे आणि तिची फजिती बघून हसायचे. म्हणायचे, "हा तुला उचलता येता कामा नये. नाक जड, तर गाडी मागून शहाण्यासारखी येते. तुला उचलता आला, तर समज वजन चुकलं."

तिने दांडा धरला आणि उचलला. तो सहज वर आला.

"तुझी ताकद वाढली असेल," वल्लरी म्हणाली.

"मग तू उचल."

वल्लरीनेही उचलला. वल्लरीला पाण्याची कळशीसुद्धा दोन हातांनी उचलावी लागते, तेव्हा ताकदीचा प्रश्न तिथेच मिटला.

तिघं मागे गेले. कॅरव्हॅनच्या तळाला पांढरे ओघळ वाळले होते आणि त्यांच्या कडेने पत्रा गंजला होता. एक थेंब अजून लोंबत होता. वल्लरीने तो बोटावर घेऊन जिभेला लावला.

"शी! कशालाही जीभ लावतेस?" हृतिकने तोंड वाकडं केलं.

"खारट आहे," वल्लरी म्हणाली. "मीठ."

समीक्षाने टेकू खाली सोडून घट्ट केले, चाकांना लावलेले लाकडी ठोकळे तपासले आणि मगच तिघं आत गेले. मागच्या पलंगाची फळी उचलली तर खाली मिठाची पोती. एकावर एक, पार फळीपर्यंत, दमट हवेने पाझरलेली.

"काकांचंच काम," हृतिक म्हणाला. "मुद्दाम केलंय त्यांनी. मी आत्ता आईला सांगतो."

"थांब." समीक्षाने पोत्याच्या तोंडाशी वाकून पाहिलं. सुतळीचा दुहेरी टाका, शेवटी पिळून आत खोचलेलं टोक. मिठागरावर आणि मीठ वाहणाऱ्या होड्यांवर, मचव्यांवर, जन्म काढलेला एकच माणूस या घरात पोती अशी शिवायचा. ती पडवीकडे निघाली.

भगवानआजोबा पडवीत बसले होते. मुलगा गेल्यापासून तेही फारसं बोलत नसत. समीक्षा त्यांच्या पायाशी बसली.

"आजोबा, कॅरव्हॅनमधली मिठाची पोती तुमी ठेवलीत?"

आजोबांनी मान वर केली. "तुना कुनी सांगितला?"

"तुमचा टाका मना कलत नाय काय?"

"तुजा बाप तिच्यापाशीच गेला, बाय," आजोबा म्हणाले. "लोकं बोलली, गारीला नजर लागलीय. मीठ नजर वढून घेतं. मी बोललो, आमचा पोर गेला तो गेला, दुसऱ्या कुनाचा नको जायाला. नि मचव्यात मागं वजन आसला का मचवा सरल चालतो. खारीत मी जलमभर मीठ वायलाय, मना म्हायती हाय."

"मग दिवाळीला हलली तवा?"

"तवा आजून पोती टाकली. मना वाटला, वजन कमी परला."

समीक्षाला समोर सगळं लख्ख दिसलं. पोती वाढली, नाक हलकं झालं, शेपूट अधिक हललं. तिने आजोबांचा हात हातात घेतला. हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण न सांगून चालणार नव्हतं.

"आजोबा, मचव्याला कुनी नाकाला धरून वढत नाय. हिला वढतात. हिचं वजन पुढं पायजे. मागं गेलं का ती झोके खाते."

आजोबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की समीक्षाला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

"म्हंजे माज्या पोराला बोल मीच लावला," ते म्हणाले, आणि पोराच्या दहाव्यालाही न रडलेला तो म्हातारा माणूस हुंदके देऊन रडला. समीक्षाही रडली. भाद्रपदापासून साठलेलं सगळं त्या दुपारी बाहेर आलं.

हितेशकाकांनी मात्र हात झटकले. "असू दे ना मीठ. भंगारवाल्याला वजनच जास्त मिळेल. आणि बांधणी सरळ होती, याला पुरावा काय?"

"तुम्ही उद्या ओढूनच दाखवा," वल्लरी म्हणाली आणि तिने लगेच आपल्या आजोबांना साक्षीला बोलवायला फोन लावला. तिघांनी आईच्या मदतीने संध्याकाळपर्यंत एकेक पोतं बाहेर काढलं. दांडा पुन्हा जड झाला. समीक्षाने दोनदा जोर लावून पाहिला, तो तसूभरही हलला नाही. मग काकांचा स्वभाव आठवून तिने आणखी एक गोष्ट केली. चाकांपासून हातभर अंतरावर, उताराच्या बाजूला, तिने दोन मोठे दगड मांडून ठेवले.

सकाळी वल्लरीचे आजोबा, कुमार, गाडी घेऊन आले. हितेशकाकांनी जीप मागे घेतली, दांडा जेमतेम जीपच्या हुकाच्या गोळ्यावर टेकवला आणि नेहमीच्या घाईने आधी टेकू वर घेऊन चाकांचे ठोकळे लाथेने उडवले.

"काका, कडी लावली नाही!" समीक्षा ओरडली.

दांडा गोळ्यावरून घसरला. कॅरव्हॅन उतारावरून फाटकाकडे निघाली, जिथे आई तुळशीला पाणी घालून परत येत होती. हातभर गेली, दगडांवर आदळली आणि थांबली. हितेशकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दगड कुणी ठेवले?" कुमारआजोबांनी विचारलं.

"मी," समीक्षा म्हणाली. "पप्पा म्हणायचे, आधी जोडायचं, मग कडी, मग साखळ्या, मग दिवे. ठोकळे सगळ्यात शेवटी."

त्यानंतर समीक्षा सांगत गेली आणि काका करत गेले. ठोकळे परत लावले. दांडा गोळ्यावर नीट बसवला, कडी अडकवून खीळ घातली, आणि बसलं की नाही ते दांडा वर ओढून पाहिलं. दोन्ही साखळ्या दांड्याखालून फुली करून अडकवल्या, म्हणजे दांडा सुटलाच तरी त्यांच्यावर पडावा, रस्त्यावर नाही. दिव्यांची तार जोडली. हृतिकने मागे उभं राहून "ब्रेक! डावा! उजवा!" असा पुकारा केला. टेकू पुरते वर आहेत ना, आतली टाकी रिकामी आहे ना ते पाहिलं, दार बंद केलं. मग ठोकळे काढले.

हितेशकाका जीप घेऊन निघाले. मुलं आणि भगवानआजोबा कुमारआजोबांच्या गाडीत बसून मागोमाग गेले. महामार्ग आला. जीपने वेग घेतला. वल्लरीने डोळे मिटून घेतले, न जाणो, पुन्हा नवस बोलायची वेळ यायची.

"उघड डोळे," समीक्षा म्हणाली.

कॅरव्हॅन रुळावरून जावी तशी सरळ जात होती. शेजारून कंटेनर वारा फेकत गेला, तरी ती डुलली नाही. कर्नाळ्याचा सुळका आला आणि मागे पडला. भगवानआजोबा पुढच्या सीटवरून नुसते बघत होते. "माज्या पोरानं बांधलीय," ते कुमारआजोबांना म्हणाले. वाटेत त्यांनी हे आणखी दोनदा सांगितलं आणि कुमारआजोबांनी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली.

परत आल्यावर हितेशकाका जीपमधून उतरून सरळ समीक्षासमोर आले. "चूक माझी. दादाची बांधणी सरळ होती. ज्यांना ज्यांना वाकडी म्हणालो, त्यांच्या घरी जाऊन सांगीन मी." आणि पुढच्या आठवड्यात ते खरोखरच गेले.

कुमारआजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "एवढी शिस्त मी मोठ्यांत पाहिली नाही," ते म्हणाले. मग आईकडे वळून जरा अडखळत त्यांनी विचारलं, "ही विकायचीच असेल, तर आम्हाला द्याल? आम्ही आता देवगडला राहायला जातोय. हिच्यातूनच फिरत फिरत जाऊ. नीट सांभाळू."

आईने समीक्षाकडे पाहिलं. जीप चालवायला आणि भाड्याचा व्यवहार बघायला घरात एकटे काका, त्यांना वेळ नाही. अंगणात उभी राहून कॅरव्हॅन गंजतच जाणार होती. समीक्षाला हे सगळं कळत होतं. भंगारातून तिने पप्पांची गाडी सोडवली होती ती काही कुणाला देऊन टाकण्यासाठी नव्हे, हेही तिला कळत होतं. तरी तिने मान हलवून हो म्हटलं.

निघायच्या दिवशी कुमारआजोबांनी सगळी जोडणी स्वतः केली आणि समीक्षाने एकेक गोष्ट तपासली. कुठेही चूक नव्हती. शेवटी तिने खाली वाकून ठोकळे काढले, ते गाडीत ठेवले आणि हात वर करून निघायची खूण केली.

भगवानआजोबा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. कॅरव्हॅन फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. समीक्षा निळ्या पडद्यांकडे टक लावून बघत राहिली. एकदा तरी ती हलावी, म्हणजे हे लोक तिला परत घेऊन येतील, असं तिला मनापासून वाटत होतं. पण पप्पांची कॅरव्हॅन वळणापर्यंत अगदी सरळ गेली.