शेवटच्या घरातला डबा

त्या शनिवारी केया सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बोलायला लागली. वेळ नेमकी सांगते, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि नोंदी ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. "मम्मा, गेस व्हॉट" इथून सुरुवात झाली. कॅनडात, मिल्टनमधलं आमचं घर सोडून हायवेला लागेपर्यंत मासे झोपतात का, बोटीला ब्रेक असतात का, आजीचे दात कपात का ठेवतात, सगळं विचारून झालं. सहा वर्षांची पोर, शाळेला सुट्टी आणि मी बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसलेली. दोन महिने हे असंच चाललं होतं. माझं डोकं पार उठलं होतं, खोटं कशाला बोलू?

सहल जयदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने बुक केली होती. त्याची आई प्रमोदिनीबाई नागपूरहून पाच महिन्यांसाठी आल्या होत्या आणि बुधवारी त्यांचं परतीचं विमान होतं. नायगरा दोनदा दाखवून झाला होता. आता काहीतरी वेगळं म्हणून जयदीपने हा शोध लावला. मिल्टनपासून उत्तरेला अडीच तासांवर एक तळं, तळ्यात ओंडक्यांवर तरंगणारी बावीस घरं. बोटीने जायचं, तासभर फिरायचं, दुपारच्या जेवणाला परत. तळ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.

आईंनी आदल्या दिवशी रव्याचे लाडू केले आणि त्यांच्या स्टीलच्या डब्यात भरले. त्या डब्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलंय, 'सौ. प्रमोदिनी' आणि खाली १९८६. झाकण इतकं घट्ट की उघडताना 'टप्प' असा मोठ्ठा आवाज येतो. तो आवाज ऐकला की केया घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायची. "लाडू! आजी, आय हर्ड इट!"

बोटीवर आम्ही बारा जण होतो. कॅप्टन लोरेन नावाची साठीची बाई होती, उन्हाने रापलेली, घोगऱ्या आवाजाची. एकेकाकडे बोट दाखवून तिने माणसं मोजली आणि इंजिन सुरू केलं. डिझेलचा वास, सनस्क्रीनचा वास, तोंडावर पाण्याचे बारीक तुषार. केयाने शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला आमच्या घराचा सगळा इतिहास सांगितला, माझ्या वजनासकट. जयदीप हसत होता. मी गॉगल लावून झोपल्याचं सोंग घेतलं.

गाव छान होतं, तक्रारीला जागा नव्हती. सीडरच्या ओंडक्यांवर लाकडी घरं, घराघरांना जोडणाऱ्या फळ्यांच्या वाटा, कडेला जाड साखळ्या. कुंड्यांत लाल फुलं, दोरीवर टॉवेल, कुणाच्या तरी रेडिओवर बेसबॉलची कॉमेंट्री. पायाखाली फळ्या कुरकुरायच्या आणि ओंडक्यांच्या मधून पाणी डुबुक डुबुक करत राहायचं. तिथे राहणारी माणसं हात हलवून हॅलो म्हणत होती. आईंना सगळ्यात कौतुक वाटलं ते पाण्यावरच्या टपालपेटीचं.

जयदीप फोटो काढत मागे रेंगाळला. आम्ही तिघी चालत चालत टोकाला गेलो. तिथे एक जरा लांब फळी होती आणि फळीपलीकडे एकच लहान घर, रंग न दिलेलं, करडं. दारात एक बाई उभी होती. ऑगस्टच्या उन्हातही अंगात राखी स्वेटर. तिने आईंच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि आत येऊन बसा, अशी हाताने खूण केली.

"चांगली आहे गं बाई," आई म्हणाल्या. "न सांगता समजलं तिला."

आत एक टेबल, दोन खुर्च्या, स्टोव्हवर वाफाळणारी किटली, भिंतीवर लंबकाचं घड्याळ. बस. फडताळं होती, पण सगळी मोकळी. ना कपबशी, ना पावाचा तुकडा. आईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"घ्या. घरचे आहेत."

बाईने एक लाडू उचलला, सावकाश खाल्ला, मग दुसरा. केया एव्हाना सुरू झाली होती. शाळा, टीचर, पडलेला दात, बोटीवरची माशी. बाई खाता खाता तिच्या तोंडाकडे बघत होती. भुकेल्या माणसाने वाढणाऱ्याच्या हाताकडे बघावं, तशी. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिचे ओठही हलताहेत. केया जे बोलेल ते, किंचित मागून, आवाज न करता.

मला कसंसंच झालं. पण त्याच वेळी कानांना काहीतरी बरं वाटत होतं. काय ते लगेच कळेना. मग कळलं. आत पाऊल टाकल्यापासून खालच्या पाण्याचा आवाज थांबला होता. रेडिओ नाही, साखळ्या नाहीत. केया सोडली तर काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

"किती शांत आहे तुमच्याकडे," मी तिला इंग्रजीत म्हणाले. आणि मग केयाच्या डोक्यावर हात ठेवून, गमतीत, "ही शांतता डब्यात भरून घरी नेता आली असती तर फार बरं झालं असतं."

बाईने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

तेवढ्यात मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं, बोटीची वेळ झाली होती. डब्यात अजून पाचसहा लाडू होते. आई उठल्या. "राहू दे, तिला खाऊ दे. डबा काढून मागायला कसंतरी वाटतं."

"आई, तुमचा शहाऐंशीचा डबा आहे तो."

"मग देईल ती आणून, अजून निघालो कुठे आपण?" आणि बाईकडे वळून हसत, अगदी नागपूरच्या शेजारणीशी बोलावं तसं, "फक्त रिकामा नका देऊ बाप्पा. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत."

"काय म्हणाली आजी, सांग तिला," मी केयाला म्हटलं. दुभाष्याचं काम तिला फार आवडायचं.

"माय आजी सेज, यू कान्ट गिव्ह इट बॅक एम्प्टी," केया म्हणाली. मग त्या मोकळ्या फडताळांकडे बघून, तिला समजावत, "बट एनीथिंग इज ओके."

बोटीशी पोचलो तर मागून ती आलीच. फळ्यांवरून चालत आली, पण एकही फळी कुरकुरली नाही. डबा तिने आईंच्या नाही, माझ्या हातात दिला. झाकण लावलेलं होतं. आईंनी तो घेऊन कानाशी हलवला.

"रिकामाच की."

"त्यांच्यात नसते पद्धत, आई."

"साखर तरी घालावी चिमूटभर," आई पुटपुटल्या आणि डबा पिशवीत टाकला.

लोरेनने बोट दाखवत माणसं मोजली. बारा. मग एकदम थांबून पुन्हा मोजली. "टोकाच्या घरी गेला होतात?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं, खाऊ दिला म्हणून सांगितलं. "बरं केलंत," ती म्हणाली. "तिच्याकडे कुणी जात नाही. बिचारीकडे परत द्यायला काही नसतं." मग तिची नजर आईंच्या पिशवीवर गेली आणि ती इंजिनाकडे वळली.

परतीच्या वाटेवर केयाची टकळी चालूच होती. बॅरी शहराच्या जरा अलीकडे आईंनी पिशवी आवरायला घेतली. "धुऊन तरी दिलाय का बघू," म्हणून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. डबा स्वच्छ होता, कोरडा, आत काही नाही. केया मागच्या सीटवर म्हणत होती, "मम्मा, गेस व्ह"

आणि थांबली.

मला वाटलं, झोपली. मी सीट मागे केली. किती दिवसांनी गाडीत शांतता होती! जयदीपला हळूच म्हटलंसुद्धा, "काय बरं वाटतंय रे." मिल्टनपर्यंतचा सव्वा तास मी अगदी खुशीत होते. हे मला लिहायलाच हवं, म्हणून लिहिते.

घराजवळच्या ड्राइव्ह-थ्रूला जयदीपने विचारलं, "केया, चॉकलेट मिल्क?" आरशात दिसलं की ती टक्क जागी आहे. तिने मान हलवली.

"बोल की गं," मी म्हणाले.

तिने तोंड उघडलं. जीभ हलली, ओठ हलले. मग तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिचं काहीतरी मी कुठेतरी ठेवलंय आणि आता ते मीच काढून द्यायचंय.

रविवारी वॉक-इन क्लिनिक, सोमवारी मुलांची डॉक्टर, मंगळवारी कान-नाक-घसा. घशात कॅमेरा घातला. सगळं नॉर्मल. कधी कधी मुलं बोलायचं सोडून देतात, म्हणाले. घरी काही ताण आहे का, म्हणाले. थेरपिस्टची वेटिंग लिस्ट चार महिन्यांची. मी टेस्टर आहे, बग आला की मी शेवटचं काय बदललं ते आधी बघते. मंगळवारी स्वयंपाकघरात बसून मी त्या घरातलं सगळं आठवून काढलं. किटली उकळत होती, आवाज नव्हता. लंबक हलत होता, टिकटिक नव्हती. मी तिला काय म्हणाले होते, तेही आठवलं. जयदीपला सांगितलं तेव्हा त्याने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, "अनुया, तू झोप जरा."

आईंनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं. विमान त्यांनी आधीच पुढे ढकललं होतं.

"मी डबा रिकामा नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "तिने नाही दिला रिकामा."

"आई, असं काही नसतं."

"मग त्याचा आवाज का येत नाही, सांग."

त्यांनी डबा माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. झाकण दाबून लावलं. ओढून काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. अडतीस वर्षं टप्प वाजणारं झाकण कापसासारखं निघत होतं.

केया दारात उभी राहून बघत होती. लाडवांसाठी ती धावत आली नव्हती, सहज आली होती.

बुधवारी आईंनी पुन्हा लाडू वळले. शनिवारच्या बोटीत जागा होती. जयदीपने फोन करून बुकिंग केलं आणि विश्वास नसतानाही माझ्यासाठी लोरेनला विचारलं की टोकाच्या घरची बाई अजून आहे ना. आहे, ती म्हणाली. मग तिने आमचा ईमेल मागितला. गेल्या दोन ट्रिपांच्या लोकांनी तिला त्या घराबद्दल काहीतरी विचारलं होतं, एकाने तिथला आवाज रेकॉर्डसुद्धा केला होता. भाषा तुमची आहे का, बघून सांगाल का?

ईमेल गुरुवारी दुपारी आला. एक्केचाळीस सेकंदांची क्लिप. जयदीप ऑफिसला गेला होता. आई ओट्याशी डबा भरत होत्या. केया टेबलावर चित्र काढत होती. करडं घर, खाली निळं पाणी. मी प्ले दाबलं.

फळीवरून घेतलेला व्हिडिओ. बंद दार. पाण्याचा आवाज होता, साखळ्यांचा होता, कुरकुर होती. आणि दाराआडून, अगदी स्पष्ट :

"आजी, गेस व्हॉट!"

आईंच्या हातातला लाडू खाली पडला.

केयाने चित्रावरून मान वर केली. तिचे ओठ हलायला लागले. क्लिपमधल्या शब्दांच्या किंचित मागून.

दाराआडचा आवाज मजेत होता. मराठी, इंग्रजी, सगळं एकत्र, नेहमीसारखं. बोटीवरची माशी, पडलेला दात. मध्ये मध्ये तो थांबायचा, समोरचं माणूस काही विचारत असावं तसा, आणि मग उत्तर द्यायचा.

"नो, नॉट टुडे."

मग थोडा वेळ काही नाही.

"माय मम्मा?" आवाज हसला. "नो, आजी, शी वोन्ट कम. शी लाइक्स इट क्वाएट."

क्लिप संपली. आई पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. त्यांना इंग्रजी अजिबात कळत नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर आशा होती.

"आपलीच आहे ना गं? काय म्हणतेय? काय म्हणाली शेवटी?"

केया माझ्याकडे बघत होती.

"लवकर या म्हणतेय," मी सांगितलं.

"जाऊ ना बाप्पा, परवाच जाऊ," आई म्हणाल्या. त्यांनी खाली पडलेला लाडू उचलून बाजूला ठेवला, डबा काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून लावलं. मी कान देऊन ऐकत होते. आवाज आला नाही.