चारशे सात नंबरची भिंत

दार लोटून घे रे, आणि तो मोबाइल ठेव खाली. आधी ऐका, मग हसायचं तर हसा. हे माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलंय. त्याने आयुष्यात कधी थाप मारली नाही. त्याला ते जमायचंच नाही.

दोस्त म्हणजे गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजनाच्या दोरीवरून सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत असो की माणूस, जरा तिरकं दिसलं की हा तोंडावर सांगून मोकळा. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. त्याच्या बायकोच्या, म्हणजे आपल्या वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी सकाळी नऊला शहरात शेवटची तपासणी होती. आदल्या रात्री मुक्काम करणं भागच होतं. त्यांच्या मुलीने फोनवर तीन हॉटेलं काढून दाखवली. एक स्टेशनजवळचं, एक शहराबाहेरचं, आणि एक अगदी मधल्या चौकातलं.

ओळंबा म्हणाला, "स्टेशनजवळचं घे. एका रात्रीपुरतं तर झोपायचंय."

"चाळीस वर्षं लोकांची हॉटेलं बांधलीत," वहिनी म्हणाल्या, "एकदा आत झोपून तरी बघू! आणि मला आता स्वच्छ दिसतंय. मला चौकातले दिवे बघायचेत."

झालं. वहिनींपुढे ओळंब्याची डाळ कधी शिजलीय?

काउंटरवरच्या मुलीने दोन खोल्या दाखवल्या. मागची शांत होती, पण खिडकीसमोर नुसत्या पाण्याच्या टाक्या. पुढची चारशे सात, चौथ्या मजल्यावर, खाली अख्खा चौक. वहिनींनी ती घेतली. काय खूश होत्या! गादीवर बसून बघितली, नळाचं गरम पाणी हातावर घेतलं, चार उशा बघून म्हणाल्या, "दोन माणसांना चार कशाला हो?" इतकं हसताना त्याने त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि इथेच त्याच्या हातून चूक झाली. त्याच्या गवंड्यांच्या टोळीची एक रीत होती. भिंतीतली शेवटची फट बुजवायच्या आधी थापीच्या मुठीने तीनदा ठोकायचं. म्हणजे, आत कोणी राहिलंय का? कोणी असेल तर त्याने आतून दोनदा ठोकायचं. मग हातातलं काम टाकून आधी त्याला बाहेर काढायचं. उत्तर आलं नाही, तर फट बुजवायची. ही सवय ओळंब्याच्या हाताला अशी जडली होती, की कुठेही नवी भिंत दिसली की आपोआप तीन ठोके पडायचे. पलंगामागच्या भिंतीवरही पडले.

आतून दोन ठोके आले.

"शेजारी वैतागलेत," वहिनी म्हणाल्या. "गप बसा आता, आणि चला खाली."

खाली चौकात गर्दी, दुकानं, गाणी. दोघांनी आइस्क्रीम घेतलं. वहिनी मान वर करून खिडक्या मोजत होत्या. "ती बघा आपली. कोपऱ्याची. अगदी शेवटची!"

शेवटची... पलंग होता त्या भिंतीच्या पलीकडे खोली नव्हतीच. चार मजले उंच, सपाट, उघडी भिंत आणि खाली रस्ता. ओळंब्याच्या मनगटावर आइस्क्रीम ओघळलं तरी त्याला कळलं नाही.

खोली बदलून घ्यावी असं त्याच्या मनात आलं. पण सांगणार काय? आणि वहिनी इतक्या आनंदात होत्या... तोंडावर बोलणारा माणूस त्या रात्री गप्प बसला. त्याचं त्याला आजही वाईट वाटतं.

अकराला दिवा मालवला. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. बाजूला हात लावला. गादी गार.

बाथरूम रिकामं. दाराला आतून कडी, वर साखळी. खिडकी तर उघडणारीच नव्हती.

"अगं..." त्याने हाक मारली. "अगं, कुठे आहेस?"

भिंतीवर दोन ठोके.

मग वहिनींचा आवाज. हळू. भिंतीच्या आतून. "अहो... इथे काही दिसत नाहीये हो."

त्याने खाली फोन केला, तसा रात्रपाळीचा मॅनेजर धावत वर आला. शिकलेला, टाय लावलेला माणूस. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं. तेवढ्यात आवाज पुन्हा आला. त्यानेही ऐकला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"मी... मी माणसं घेऊन येतो," म्हणाला, आणि गेला. परत आलाच नाही. पुन्हा खाली फोन लावला तर नुसती रिंग.

जन्मभर भिंती बांधल्या आणि पाडल्या त्या माणसाने. आणि हातात हत्यार म्हणून काय? चहाचा चमचा. त्याने चमच्याने खरवडायला घेतलं. रंग निघाला. प्लास्टर निघालं. मागे वीट लागायला हवी. मागे प्लास्टर. त्याच्याही मागे प्लास्टर. बोटांतून रक्त आलं.

"अहो, लवकर..."

"काढतो गं. काढतो तुला. घाबरू नकोस."

"इथे कोणीतरी आहे."

"कोण?"

...

"अगं, कोण आहे?"

काही नाही. अर्धा तास. तास. तो रडत होता, हाका मारत होता, आणि भिंत गप्प.

त्याला कळत होतं की ठोकायचं नाही. ठोकलं आणि उत्तर आलं नाही, तर... रीत त्याला पाठ होती. त्याने उजवा हात काखेत दाबून धरला. पण हात त्याचा राहिला नव्हता. पाचला दहा मिनिटं कमी असताना तीन ठोके पडले.

तो थांबला. श्वास रोखून.

उत्तर आलं नाही.

मागे पलंग करकरला. त्याने वळून बघितलं. वहिनी झोपल्या होत्या. कुशीवर, नेहमीसारख्या. त्याने हात हातात घेतला. बर्फ! पण श्वास चालू होता. त्याने देवाचं नाव घेतलं आणि ढसाढसा रडला.

"काय झालं हो?" डोळे चोळत वहिनींनी विचारलं. "किती छान झोप लागली मला."

हसू नका रे. त्या आजही घरी आहेत. स्वयंपाक करतात, बोलतात, दोरा ओवतात. ओळंब्याने त्यांना काही विचारलं नाही. मी म्हटलं, विचार की बाबा! तर म्हणाला, "विचारून करू काय? त्यांनी खरं सांगितलं तर?" बायकोला 'त्यांनी' म्हणाला तो...

त्या सकाळी वहिनी आंघोळीला गेल्या, तेव्हा त्याने भिंत बघितली. खरवडलेलं सगळं बुजलं होतं. सपाट, गुळगुळीत, ओलसर. मधोमध एक पंजा. डावा, लहानसा, करंगळी जरा वाकडी. लग्नाच्या पहिल्या वर्षी वहिनींची करंगळी दारात सापडली होती, तेव्हापासून ती तशीच.

ओल्या गिलाव्यात हात दाबला तर खड्डा पडतो ना? हा पंजा वर आलेला होता. आतून बाहेर.

त्याने त्यावर आपला हात ठेवला.

गरम होता.