रिकाम्या गल्लीचं पाणी

माझं काम ऐकण्याचं आहे. शहराच्या पाणीखात्यात मी गेली बावीस वर्षं जमिनीखालची गळती शोधते. हत्यार एकच, पाच फुटांची लोखंडी सळई. एक टोक रस्त्यातल्या झडपेवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. आता खात्यात यंत्रं आली आहेत, त्यांचे पडदे रंगीत आहेत. पण यंत्रं अडली की साहेब मलाच बोलावतात, आणि बोलावताना तोंड कडू करतात.

त्या वर्षी शहराच्या मधोमध नवा रस्ता काढायचं ठरलं आणि त्याच्या वाटेत माझ्या ताईची गल्ली आली. एकतीस घरं होती. लोक दोन वर्षं भांडले. ताई तर साहेबांच्या दारात ठाण मांडून बसायची आणि मी मागच्या दाराने ऑफिसात शिरायचे. शेवटी सगळ्यांना टेकडीवरच्या नव्या इमारतीत घरं मिळाली आणि गल्ली तीन दिवसांत सपाट झाली. ताईच्या वाट्याला आठवा मजला आला. चकचकीत फरशी, मोठ्या खिडक्या, आणि नळ कोरडा.

पाणी टेकडी चढतच नव्हतं. लिफ्ट आज चालू तर उद्या बंद. पासष्ट वर्षांची ताई खालच्या टँकरवरून दोन-दोन कॅन भरून वर न्यायची, कारण भावजी अंथरुणाला खिळलेले आणि त्यांचं सगळं तिलाच करावं लागे. डॉक्टरांनी तिला जिने चढायला मनाई केली होती. मनाई करायला त्यांचं काय जातंय, असं ती म्हणायची. एकदा ती मला पाचव्या मजल्यावर जिन्यातच बसलेली सापडली, ओठ निळे पडलेले. त्या दिवशी मी ठरवलं, टेकडीवर पाणी चढवल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही. आणि मी एकदा ठरवलं की घरचेसुद्धा माझ्या वाटेला जात नाहीत.

पाणी कुठे मुरतंय ते नोंदींवरून उघड दिसत होतं. मुख्य वाहिनीचा दाब रोज सकाळी सहाला पडायचा आणि पावणेसातला पुन्हा चढायचा, आणि टेकडीला पाणी सोडायची वेळ नेमकी तेवढीच. पडायचा तो नेमका ताईच्या जुन्या गल्लीच्या फाट्यावर. गळती चोवीस तास वाहते, ती घड्याळ बघत नाही. कोणीतरी चोरून पाणी ओढतंय, असं साहेबांचं मत पडलं. मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी मी तिथे पोचले. सोबत खोदकामाचा मुकादम होता, जुना माणूस, बोलायला कंजूष. गल्लीच्या जागी खडी अंथरून वर रोलर फिरवला होता. आडोशाला एक भिंतसुद्धा उरली नव्हती. मी फाट्याच्या झडपेवर सळई टेकवली.

गळतीचा आवाज मला पाठ आहे, एकसुरी सुसकारा. हा तो नव्हता. एक तोटी उघडली. पाणी भांड्यात पडू लागलं, भांडं भरत आलं तसा सूर चढला आणि तोटी बंद झाली. मग दुसरी उघडली. मग तीन एकदम. कोणीतरी बादली सरकवली. पावणेसातपर्यंत मी एकतीस तोट्या मोजल्या.

मुकादमाला सळई दिली. त्याने कान लावला आणि ती परत देताना माझ्याकडे बघितलं नाही.

"बाई, हे असंच राहू द्या," तो म्हणाला.

मी त्याला खोदायला लावलं. गल्लीचा पाइप झडपेपासून चार हातांवर कापलेला होता, तोंडावर टोपी बसवलेली, अगदी नियमाप्रमाणे. माती कोरडी ठणठणीत. टोपीपलीकडे पाइपच नव्हता. तो भंगारात गेला होता. तरी सहा वाजता टोपीवर हात ठेवला की आत पाणी धावताना जाणवायचं, आणि दाबमापकाचा काटा खाली यायचा.

तिसऱ्या दिवशी एक नळ माझ्या ओळखीचा निघाला. ताईची लहानपणापासूनची सवय आहे: तोटी उघडून पहिलं पाणी फेकायचं, बंद करायची, पुन्हा उघडायची. त्यावरून मी तिला चिडवत आले आहे. खालून तेच आलं. उघड, बंद, उघड.

मी लगेच तिला फोन लावला. ती टँकरच्या रांगेत उभी होती.

"काय गं चिमे, इतक्या सकाळी?" तिला बोलताना धाप लागत होती. इकडे सळईतून पाण्याचा सूर चढत होता.

मी घाबरले, हे कबूल करते. पण ती धाप ऐकली आणि भीतीवर रागाने मात केली.

झडप गंजून उघडीच अडकली होती. दिवसभर तिला तेल पाजलं. चौथ्या दिवशी सहा वाजता मी लांब चावी खड्ड्यात उतरवली. मुकादमाने हात लावायला नकार दिला, मग मीच फिरवली. कान सळईला होता.

प्रत्येक फेऱ्याला काही तोट्या बंद होत गेल्या. चौदाव्या फेऱ्यानंतर एकच उरली.

उघड, बंद, उघड.

मी सगळा जोर लावला. आत काहीतरी मोडलं आणि चावी मोकळी फिरू लागली. आवाज थांबला. आता ही झडप कोणालाही उघडता येणार नव्हती, आणि मला त्याचा आनंदच झाला. काटा वर चढला, तो चढलेलाच राहिला.

टेकडीवरच्या इमारतीत जिन्यातला पाइप पाण्याने थरथरत होता. मी धावतच वर गेले. मजल्यामजल्यावर दारं उघडी होती, आत नळ धो धो वाहत होते. लोक त्यांच्यापुढे भांडी धरून उभे होते.

ताई स्वयंपाकघरात होती. पातेलं धारेखाली होतं.

"आलं ना पाणी?" मी विचारलं.

"कुठलं पाणी? आज तर थेंबसुद्धा नाही."

धारेखालच्या पातेल्याचा तळ मला कोरडाच दिसत होता.

मी धारेत हात घातला. बाही कोपरापर्यंत भिजली. मग ताईचं मनगट धरून तिचा हात तिथेच नेला. पाणी तिच्या बोटांवर पडत होतं, बोटांमधून खाली जात होतं. आतून भावजी पाणी मागत होते.

मी तिचा हात बाहेर काढला. तो कोरडा होता.