ऑर्व्होची रेघ

मॉसबर्गच्या हॉकी मैदानावर बर्फ गुळगुळीत करायची गाडी मी चालवतो. दर विश्रांतीत गरम पाण्याचा पातळ थर सोडायचा आणि तो घट्ट होईपर्यंत बर्फावर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

ऑर्व्हो लाम्पिनेन इथे एकोणीस वर्षं खेळला. आमची लीग छोटी. गुणी पोरं दोन वर्षांत वरच्या लीगमध्ये निघून जातात. ऑर्व्होला वरून कधी बोलावणं आलं नाही, नुकसान त्यांचं. मार्चमध्ये त्याने सहाशे अकरावा गोल करून लीगच्या विक्रमाशी बरोबरी केली, तेव्हा कागद गिरणीतली अख्खी पाळी घरात मूल जन्मल्यासारखी मिरवत होती.

ती रेघ मात्र नोव्हेंबरातच दिसू लागली होती. ताज्या बर्फावर, डाव्या स्केटचं टोक घासत गेलेली. त्याच्या पात्यांना धार मीच लावायचो, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मी तणतणत खेळाडूंच्या खोलीत गेलो.

"माझ्या बर्फावर कशाला गेलास रे?"

"मी? गुडघ्याला पट्टी बांधतोय, दिसत नाही? जील, म्हातारा झालास तू."

रेघ जिथे संपली होती, बरोबर तिथूनच त्याने त्या दिवशी गोल मारला. मी टेपने मोजलं. मोसमात असं सात वेळा झालं. दारांना कुलपं, किल्ल्या माझ्या खिशात. मी कुणाकडे बोललो नाही.

मोसमातला शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. विक्रमाला एक गोल हवा होता आणि पुढच्या वर्षी त्याला करार नव्हता. दुसऱ्या विश्रांतीत लोक कॉफीच्या रांगेत होते. बर्फ सारखा करून मी कठड्याशी टेकलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेघ उमटू लागली. पांढरा भुगा उडत होता. उडवणारं कुणी नव्हतं.

गोलच्या डावीकडे ती थांबली. मग पुन्हा निघाली. कडेकडेने पूर्ण फेरी मारून मधल्या वर्तुळात गेली आणि संपली.

तिथून परत येणारी रेघ नव्हती.

मी गाडीकडे धावलो. एक फेरी मारली की सगळं पुसलं जाणार होतं. वाटेत ऑर्व्हो उभा होता.

"राहू दे."

"हे काय आहे, कळतंय का तुला?"

"नोव्हेंबरपासून कळतंय. पुसलंस तर गोलही जाईल."

"गोल गेला खड्ड्यात. घरी चल."

"एकोणीस वर्षं घरीच तर आहे, जील."

मी किल्ली खिशात टाकली. हा माणूस आमच्या गावचा, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाची लाजही वाटली.

तिसरा डाव सुरू झाल्यावर अठराव्या सेकंदाला गोल झाला.

लोक बाकांवर चढले. खेळ थांबला. हात उंचावून त्याने कडेकडेने फेरी घेतली, मधल्या वर्तुळात आला, गुडघे टेकले, कपाळ बर्फाला लावलं.

तो बर्फाचा मुका घेतोय असं वाटून टाळ्या आणखी वाढल्या.

त्याला उचलून नेलं, तेव्हाही मागच्या रांगांत टाळ्या चालूच होत्या. मी वाकून बर्फ पाहिला. कडेने, थेट मधल्या वर्तुळापर्यंत, मघाचीच एक रेघ होती. त्याच्या फेरीची दुसरी उमटलीच नव्हती.