आवळायचं नाही

दुकानात व्यायामाचा मोठा चेंडू एकच उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक तिचा, चष्म्याच्या दुकानात नाजूक काड्या वाकवणारा. दुसरा रुंद, बोटांवर चटक्यांचे डाग असलेला, घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाचा. दिवसभर वाकून कंबर धरते म्हणून डॉक्टरांनी त्याला चेंडूवर बसायला सांगितलं होतं. तिने आपलं कारण जरा लाजतच सांगितलं. ती घोडेस्वारी शिकत होती, आणि त्यासाठी मांड्यांत ताकद हवी होती. पुढच्या रविवारी लगामाला न लोंबकळता वर्गातल्या करड्या घोडीवर एक फेरी जमली, तर शिकण्यासाठी तीच घोडी तिच्याकडे राहणार. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जाणार. आणि त्या घोडीवर तिचा जीव जडला होता.

"ती करडी?" तो हसला. "तिचे चारही पाय माझ्या ओळखीचे आहेत. चेंडू तुम्ही न्या... माझी कंबर थांबेल."

घरी आठवडाभर तिचा एकच उद्योग. चेंडूवर बसायचं, गुडघ्यांत उशी धरायची आणि जीव खाऊन आवळायची. बाबांना टीव्हीवरच्या बातम्या तिच्या डुलणाऱ्या डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूने पाहाव्या लागत. हिला आता खुर्चीची गरजच उरली नाही, असं आई म्हणे. मांड्या मात्र लोखंडासारख्या झाल्या.

रविवारी तिने त्याच मांड्यांनी घोडीला आवळलं, आणि घोडी जी सुटली! कुंपणाशी येऊन कशीबशी थांबली तेव्हा पाठीवर बसलेल्या तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शिक्षकांनी आणखी एकच संधी दिली. कुंपणापलीकडे नालबंद उभा होता.

"आवळलं की तिला वाटतं, पळ म्हणताय," तो हळूच म्हणाला. "ताकद आलीय ना पायांत? मग ती नुसती... जवळ असू द्या."

तिने श्वास सोडला. गुडघे सैल केले. घोडी निघाली. एका लाथेत दार मोडेल एवढं ते जनावर तिच्या नुसत्या बसण्याकडे कान लावून चाललं होतं. खोगिराखाली त्या रुंद बरगड्या फुगत होत्या, ओसरत होत्या, आणि तिचा श्वास कधी त्यांच्या तालात आला ते तिला कळलंच नाही. एवढा विश्वास आजवर कुणी तिच्यावर टाकला नव्हता. फेरी कधी संपली, तेही शिक्षकांनी सांगितलं तेव्हाच समजलं. घोडी तिची झाली होती.

नालबंद तिच्या पायाखालची रिकीब धरून उभा राहिला. ती उतरेना.

"पाय थरथरताहेत," ती म्हणाली. "घोडीमुळे, की तुम्ही एवढे जवळ उभे आहात म्हणून... कळत नाही."

तो कानांपर्यंत लाल झाला.

"मी तर रोज घोड्यांच्या पायांशी असतो," तो म्हणाला. "माझे आज पहिल्यांदा थरथरताहेत."

ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. जमिनीवर नीट उभी राहिल्यावरही तिने तो हात काढला नाही.